तपासणीच्या कागदाची किंमत कोणी मोजायची?

दिवाळी सरली आणि भाताची कापणी आटोपली, की सिंदेवाही, नवरगाव, ब्रह्मपुरी, वडसा या साऱ्या पट्ट्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या सुमारास संपतो. रात्री पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. गावच्या मंडळाने वडशाच्या कंपनीकडे नाटक ठरवलेले असते, विसार दिलेला असतो, प्रत्येक नटाच्या रात्रीचा दर ठरलेला असतो. नट हा रंगमंचावरचा राजा असला, तरी पडद्यामागे तो मोबदला घेऊन रात्र जागवणारा कामगार आहे, ही गोष्ट या मुलखाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा झाडीला झालेला आनंद हा या श्रमाच्या मान्यतेचाही होता.

याच विदर्भात जानेवारी २०२२ मध्ये दुसरेही एक दृश्य दिसले. नागपूर जिल्ह्यातील उमरेड परिसरात शंकरपटाच्या निमित्ताने झालेल्या ‘डान्स हंगाम्या’त तरुणींना विवस्त्र नाचवल्याच्या चित्रफिती सर्वत्र फिरल्या, पोलिसांनी गुन्हे दाखल केले, आयोजकांना अटक झाली. झाडीपट्टीच्या नाटकाचा या प्रकाराशी संबंध नव्हता. त्या दिवसांत जी चर्चा झाली, तिचा सारा रोख अश्लीलतेवर होता, आणि तो स्वाभाविकही होता. परंतु त्या नाचणाऱ्या मुलींना तेथे कोणी आणले, त्यांनी काय कबूल केले होते, प्रत्यक्षात त्यांच्याकडून काय करवून घेतले गेले आणि त्यांच्या शरीराला काही इजा झाली असती, तर तिची भरपाई कोणाकडे मागायची, हे प्रश्न बहुधा कोणाच्या मनात आले नाहीत. प्रेक्षकाच्या नीतीची काळजी करणाऱ्या समाजाला कलावंताच्या आरोग्याची काळजी सुचत नाही, हा अनुभव नवा नव्हे.

ज्याला व्हिडिओ पार्लरच्या काळापासून ‘ब्लू फिल्म’ म्हटले जाते, तो व्यवसाय म्हणजे या दुर्लक्षाचे टोक होय. त्या काळी तालुक्याच्या गावी एखाद्या बंद खोलीत चोरून जे पाहिले जाई, ते आता खिशातल्या मोबाइलवर, बहुधा फुकट, मिळते. इतर चित्रपटांत मारामारी खोटी असते, रक्त खोटे असते, मरणही खोटे असते. येथे देहसंबंध मात्र खरा असतो, आणि म्हणून त्यातून होणारा संसर्गही खराच असतो. असा व्यवसाय असावा की नसावा, याविषयी सुबुद्ध माणसांत मतभेद आहेत व ते राहतील. तथापि जो व्यवसाय जगात चालूच आहे आणि ज्याचा माल सिंदेवाहीच्या बसस्थानकापर्यंत पोचतो, त्यात काम करणाऱ्यांच्या आरोग्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. किंबहुना तो आधी अर्थशास्त्राचा आहे.

कॅलिफोर्नियाचा धडा

हा व्यवसाय कायद्याच्या उजेडात चालतो, अशी ठिकाणे जगात मोजकीच. त्यांत अमेरिकेतील कॅलिफोर्निया हे राज्य प्रमुख. चित्रपटासाठी कलावंतांना पैसे देणे म्हणजे वेश्याव्यवसायाची दलाली नव्हे, असा निर्णय तेथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली दिला आणि लॉस एंजेलिसलगतच्या सान फर्नांडो खोऱ्यात या धंद्याने उघडपणे मूळ धरले. कंपन्या आल्या, वितरक आले, हिशेबनीस आणि वकील आले. डॉक्टर मात्र लगेच आला नाही.

तो आला १९९८ मध्ये. त्या वर्षी काही अभिनेत्रींना एच. आय. व्ही. ची लागण झाल्याचे उघड झाले व धंद्यात घबराट पसरली. तेव्हा शेरॉन मिचेल या पूर्वाश्रमीच्या अभिनेत्रीने पुढाकार घेऊन कलावंतांसाठी एक आरोग्यसंस्था काढली. नियम साधा होता. दर तीस दिवसांनी रक्ताची तपासणी करायची आणि निर्दोष अहवाल दाखवल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे नाही. एच. आय. व्ही. बरोबरच परमा व इतर गुप्तरोगांकडेही हळूहळू लक्ष पुरवले गेले. सरकारने हे केले नाही, कंपन्यांनी आपण होऊन केले असेही नव्हे. ज्यांच्या देहावर बेतले होते त्यांच्यातल्याच एका बाईने ते केले, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या व्यवस्थेमागचे तत्त्व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. बाजारात विकणाऱ्याला मालाचे जे दोष ठाऊक असतात, ते घेणाऱ्याला ठाऊक नसतात, आणि दोष सांगितला तर भाव पडतो म्हणून तो लपवण्याकडे ओढा राहतो. भारताने हे रक्ताच्या बाबतीत अनुभवले आहे. गरजेपोटी रक्त विकणारा माणूस आपली कावीळ किंवा आपला ताप सांगेल कशाला? सांगितले तर त्या दिवशीची चूल पेटत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या आदेशानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत देशभर बंद करण्यात आली. रक्ताला ऐच्छिक दात्याचा पर्याय होता. चित्रपटाच्या कलावंताला तसा पर्याय नाही. तेथे राहतो तो तपासणीचा कागद.

आणि कागद कितीही चांगला असला, तरी तो मागच्या तारखेचा असतो.

२००४ च्या वसंतात एक अभिनेता ब्राझीलमधील चित्रीकरण आटोपून लॉस एंजेलिसला परतला. परतल्यावर झालेली त्याची तपासणी निर्दोष ठरली. पुढच्या तपासणीत तो बाधित निघाला. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातात. समुपदेशक त्याला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. या मधल्या दिवसांत ज्या १३ अभिनेत्रींनी त्याच्याबरोबर काम केले होते, त्यांपैकी तिघींना लागण झाल्याचे निष्पन्न झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००५ मध्ये या घटनेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात कोणीही खोटे बोलले नव्हते. त्या अभिनेत्याने अहवाल लपवला नव्हता, अभिनेत्रींनी तो न पाहता काम केले नव्हते. प्रत्येकाने आपापली व्यावसायिक जबाबदारी, जशी ती त्या धंद्यात समजली जाई तशी, पार पाडली होती. तरीही तीन स्त्रियांचे आयुष्य बदलून गेले. कारण निरोधाचा वापर हा मूळ उपाय बाजूला ठेवून तपासणी या दुय्यम उपायावर सारी भिस्त ठेवली गेली होती.

निरोध का नव्हता? कंपन्यांचे उत्तर एकच असे: निरोध दिसला की प्रेक्षक पाठ फिरवतो, खप पडतो. म्हणजे खपातल्या वाढीचा नफा कंपनीचा आणि त्यासाठी पत्करलेली जोखीम कलावंताची, अशी ही विभागणी होती. सिंदेवाहीच्या आसपास राईस मिली पुष्कळ आहेत. कोंड्याच्या धुळीने एखाद्या कामगाराला दम्याचा विकार जडला, तर ‘त्याने स्वतःची काळजी घ्यायला हवी होती’ असे मालकाने म्हणून चालत नाही. धूळ आवरण्याची व्यवस्था करणे हे मालकाचे काम आहे, हे कारखान्यांचा कायदा जाणतो. कॅलिफोर्नियाचा कायदाही हे जाणत होता. रक्तातून व शरीरद्रवांतून पसरणाऱ्या रोगांपासून कामगाराचे संरक्षण करण्याचे बंधन तेथे १९९३ पासून मालकांवर आहे. २००४ च्या घटनेनंतर दोन कंपन्यांना त्याखाली दंडही झाला. परंतु कंपन्यांनी कलावंताला नोकर मानायचेच नाही, तो स्वतंत्र कंत्राटदार आहे असे म्हणायचे, ही युक्ती शोधून काढली होती. कंत्राटदार म्हटले की तपासणीचा खर्च त्याचा, औषधाचा त्याचा, आणि आजारपणाच्या काळात बुडालेली कमाईही त्याचीच. तपासणीचे पैसे पुष्कळदा कलावंतच स्वतःच्या खिशातून भरत. ज्या कागदावर संपूर्ण धंद्याची सुरक्षितता उभी होती, त्याची किंमत त्या धंद्यातला सर्वांत कमजोर माणूस मोजत होता.

अशा रचनेत एक दिवस कोणीतरी कागदात फेरफार करणार, हे उघड होते. तसे २०१२ मध्ये घडले. गरमीचा रोग झालेल्या एका अभिनेत्याने आपल्या अहवालातला तो भाग झाकून काम चालू ठेवले. उघडकीस आल्यावर चित्रीकरणे थांबवावी लागली, कलावंतांना प्रतिजैविके द्यावी लागली आणि पुढे त्याला न्यायालयात शिक्षा झाली. ती योग्यच होती. सहकाऱ्याच्या देहाशी असा विश्वासघात करणाऱ्याची बाजू कोणी घेणार नाही. परंतु एवढे म्हणून थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. अहवाल दोषी आला की त्या दिवसापासून कमाई शून्य, बदनामी पूर्ण आणि उपचाराचा खर्च पदरचा, अशी व्यवस्था जेथे असते, तेथे प्रामाणिकपणावर एक प्रकारचा करच बसवलेला असतो. कर बुडवणारा दोषी खरा. पण तो कर बसवणाऱ्याला मोकळे सोडता येत नाही. आजारी असताना कामावर न येण्याचे पैसे मिळाले असते, तर किती अहवाल खोटे झाले असते, हा हिशेब कंपन्यांनी कधी मांडला नाही.

कागदाची दुसरी किंमत गुप्ततेची. २०११ मध्ये या आरोग्यसंस्थेकडील माहिती बाहेर फुटली आणि हजारो कलावंतांची खरी नावे सर्वांपुढे आली. पडद्यावर प्रत्येकाचे नाव वेगळे असते. त्या आडोशाने आईवडील, मुले, शेजारीपाजारी यांच्यात वावरता येते. तो आडोसाच गेला. आधीच खटल्यांनी जेरीस आलेली ती संस्था त्याच वर्षी बंद पडली. तिच्या जागी धंद्याच्या संघटनेने नवी यंत्रणा उभारली, ती आजही चालू आहे. त्यात कंपनीला फक्त कलावंत ‘उपलब्ध’ आहे की नाही एवढेच कळते, आजाराचे नाव कळत नाही. आणि तपासणीची मुदत तीस दिवसांवरून चौदा दिवसांवर आली आहे. ठेच लागल्यावर सुचलेले शहाणपण, पण शहाणपणच.

सरकारी उपायांची कथा मात्र फारशी उत्साहवर्धक नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये लॉस एंजेलिस परगण्याच्या मतदारांनी चित्रीकरणात निरोध सक्तीचा करणारा ठराव संमत केला. परिणाम असा, की चित्रीकरणाचे परवाने मागणाऱ्यांची संख्या एकदम कोसळली आणि धंद्याचा मोठा भाग शेजारच्या नेवाडा राज्यात किंवा सरळ अंधारात गेला. २०१६ साली संपूर्ण राज्यासाठी तसाच प्रस्ताव मतदानास आला. त्यात कोणाही नागरिकाला निर्मात्याविरुद्ध दावा लावण्याची मुभा होती. कलावंतांनी स्वतःच त्याला विरोध केला, कारण पुष्कळ कलावंत आपले चित्रण आपणच विकतात, आणि मग दाव्याच्या कागदांवर त्यांचेच खरे नाव व पत्ता आला असता. प्रस्ताव फेटाळला गेला. ज्याच्या हितासाठी कायदा करायचा, त्यालाच विचारले नाही की असे होते.

महाराष्ट्रात काय आहे?

कॅलिफोर्नियातील व्यवस्था सदोष असेल, पण ती आहे. महाराष्ट्रात या व्यवसायाला कायदेशीर अस्तित्वच नाही. भारतीय न्याय संहिता व माहिती तंत्रज्ञान कायदा यांखाली असे चित्रण विकणे व पसरवणे हा गुन्हा आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १८ आणि जुलै २०२५ मध्ये २५ अशा चित्रवाहिन्यांवर बंदी घातली. तरीही चित्रण होत नाही असे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी मालाड-मढ भागातील एका बंगल्यावर छापा घातला, आणि पुढील काही महिने ते प्रकरण वृत्तपत्रांत गाजत राहिले. आरोप असा होता, की वेबमालिकेत काम देतो असे सांगून होतकरू मुलींना बोलावले जाई आणि प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी वेगळीच दृश्ये द्यावयास लावली जात. नकार दिला, तर सही केलेल्या कराराचा धाक घातला जाई.

हा कराराचा धाक विशेष विचार करण्यासारखा आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. ज्या कराराचा हेतू बेकायदेशीर, तो करार मुळातच रद्दबातल, हे त्यातले कलम २३ परीक्षेत हमखास विचारले जाते. म्हणजे ज्या कागदाच्या भीतीने एखाद्या मुलीने कॅमेऱ्यासमोर नकार गिळला असेल, त्या कागदाला न्यायालयात कवडीची किंमत नाही. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. तिला ठरलेले पैसे मिळाले नाहीत, निरोध नाकारला गेला, रोग जडला, तर तिलाही त्या कागदाच्या आधारे काही मागता येत नाही. शिवाय तक्रार करायला गेल्यास आपणच गुन्हेगार ठरू ही भीती वेगळीच. चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली लेखी कराराची सक्ती करणारा कायदा झाला. नव्या कामगार संहितेतही ‘दृकश्राव्य कामगारा’साठी ती अट आहे. बंद बंगल्यातली मुलगी या व्याख्येच्या उंबऱ्याबाहेर उभी आहे.

एच. आय. व्ही. विषयक २०१७ चा केंद्रीय कायदा तर याहून विचित्र पेच दाखवतो. सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेल्या या कायद्यानुसार संमतीवाचून कोणाची चाचणी करता येत नाही, अहवाल उघड करता येत नाही, आणि नोकरी देण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही. या तत्त्वाची पायवाट मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच घालून दिली होती. काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ तो बाधित आहे म्हणून सार्वजनिक आस्थापनेने कामावरून दूर ठेवणे त्या न्यायालयाने अवैध ठरवले. आता कॅलिफोर्नियाची सारी पद्धतच मुळी ‘आधी चाचणी, मग काम’ या अटीवर उभी आहे. ती येथे जशीच्या तशी आणली, तर कायद्याचा भंग होईल. दुसरीकडे हाच कायदा सांगतो, की जेथे कामामुळे लागण होण्याचा मोठा धोका आहे अशा आस्थापनेने संरक्षणाची साधने, प्रशिक्षण आणि धोका घडल्यास तातडीचे प्रतिबंधक औषध पुरवले पाहिजे. आणि आपण बाधित आहोत हे ज्याला ठाऊक आहे व ज्याला समुपदेशन मिळाले आहे, त्याने इतरांना लागण होऊ नये म्हणून वाजवी दक्षता घेतली पाहिजे. मालकाचे कर्तव्य आणि कामगाराचे कर्तव्य असे दोन्ही येथे शेजारीशेजारी लिहिलेले आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अर्थात रुग्णालये होती. पण शब्द रुग्णालयांपुरते नाहीत.

आता तर वैद्यकशास्त्रही पुढे गेले आहे. नियमित औषध घेणाऱ्या बाधिताच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबलेला राहिला, तर त्याच्यापासून संभोगाद्वारे लागण होत नाही, हे सिद्ध झाले आहे. लागण होण्यापूर्वी घ्यावयाची प्रतिबंधक गोळीही उपलब्ध आहे. म्हणजे ‘निर्दोष’ आणि ‘दोषी’ असे दोनच शिक्के मारण्याचा काळ शास्त्राने मागे टाकला. बाजाराने व समाजाने अद्याप टाकलेला नाही.

सांगलीच्या गल्लीतले अर्थशास्त्र

महाराष्ट्रातच याहून चांगला दाखला आहे, आणि तो चित्रीकरणाच्या दिव्यांखाली नव्हे, तर सांगलीच्या गोकुळनगरात सापडतो. १९९२ मध्ये मीना शेषू यांच्या पुढाकाराने तेथे ‘संग्राम’ ही संस्था सुरू झाली व १९९६ मध्ये धंदा करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची संघटना, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, उभी राहिली. एड्सच्या पहिल्या लाटेत या स्त्रियांकडे पाहण्याची सरकारी व सामाजिक दृष्टी ‘रोग पसरवणाऱ्या’ अशी होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कामाठीपुऱ्यात छापे घालून चारशेहून अधिक मुलींना उचलण्यात आले. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. त्यांच्या संमतीविनाच एच. आय. व्ही. चाचण्या केल्या गेल्या. सांगलीतील बायकांनी उलट बाजूने सुरुवात केली. निरोध वाटणारी बाई वस्तीतलीच, दवाखान्यात सोबत जाणारी वस्तीतलीच, आणि दवाखान्यात माणसासारखी वागणूक मिळावी म्हणून भांडणारीही वस्तीतलीच.

याचे अर्थशास्त्रीय मर्म समजून घेण्यासाठी कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीवरील एक अभ्यास उपयोगी पडतो. विजयेंद्र राव, इंद्राणी गुप्ता, मायकेल लोकशिन व डॉ. स्मरजित जाना यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवले, की निरोधाचा आग्रह धरणाऱ्या स्त्रीला आपल्या उत्पन्नात दोनतृतीयांशाहून अधिक घट सोसावी लागते. गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. अशा स्थितीत एकट्या बाईला आरोग्याची महती समजावून काय होणार? तिला ती समजलेली असते. भाव तिच्या हातात नसतो. परंतु गल्लीतल्या सगळ्याच दारांवर एकच उत्तर मिळू लागले, तर गिऱ्हाइकाला जायला जागा उरत नाही आणि नकाराची किंमत नाहीशी होते. तेंदूपत्त्याच्या फळीवर शेकड्याचा दर एकट्या मजुराने मागितला, तर मुकादम हसतो. साऱ्या गावाने पुडे बांधणे थांबवले, की त्याच संध्याकाळी बोलणी सुरू होतात. झाडीतल्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागत नाही.

चित्रपटाच्या कलावंतांना नेमके हेच साधलेले नाही. ते आज येथे, उद्या तेथे काम करतात. वस्ती नाही, गल्ली नाही, एकमेकांचे खरे नावही कित्येकदा ठाऊक नसते. अमुक दृश्य निरोधाशिवाय करणार नाही असे एकीने म्हटले, की दुसरीला फोन जातो. कॅलिफोर्नियात संघटना बांधण्याचे प्रयत्न झाले, ते अजून बाल्यावस्थेतच आहेत. मुंबईत तर तसा विचारही शक्य नाही, कारण बेकायदेशीर ठरवलेल्या कामगारांची संघटना नोंदवणार कोण? १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाही प्रतिष्ठेने जगण्याचा अधिकार आहे, असे सांगून पोलिसांच्या वागणुकीविषयी निर्देश दिले. त्यामागे अशा संघटनांच्या कित्येक वर्षांच्या झगड्याची पुण्याई आहे. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्यांसाठी असे कोणी झगडलेले नाही.

मुख्य चित्रपटसृष्टीत मात्र एक लहानसा बदल झाला आहे. प्रणयदृश्यांच्या वेळी नटनट्यांची संमती, मर्यादा व संकोच यांकडे लक्ष पुरवणारी स्वतंत्र व्यक्ती काही हिंदी चित्रपटांत नेमली जाऊ लागली; २०२२ च्या ‘गहराइयां’ या चित्रपटात असे काम दार गाई यांनी केले. तेथे देहसंबंध खोटा असतो आणि काळजी खरी घेतली जाते. जेथे तो खरा असतो, तेथे काळजीचे नाव नाही.

हे सारे सिंदेवाहीपासून फार दूरचे आहे असे वाटेल. पण लैंगिक आरोग्याकडे समाज कसा पाहतो, हे जगाला दाखवून देणारा अभ्यास याच जंगलात झाला. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग यांनी त्याचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मांडले. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८. आजार नवे नव्हते. विचारणारे नवे होते. या बायका कोणत्याही चित्रपटात नव्हत्या, कोणत्याही गल्लीत उभ्या नव्हत्या. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या होत्या. लाज ही त्यांची राखण करते असे समजले जात होते. तिने राखले ते फक्त आजाराचे गुपित.

पुढे शाळांत किशोरवयीन मुलांना या विषयाची माहिती देण्याचा कार्यक्रम आला, तेव्हा २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो संस्कृतीच्या नावाने थांबवला. त्या वर्षी नववीत असलेली मुले आज तिशी ओलांडून आईबाप झाली आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांनी जे शिकायचे ते मोबाइलवर शिकून घेतले, आणि मोबाइलवरच्या चित्रात तपासणी दिसत नाही, निरोधाविषयीचे बोलणे दिसत नाही, नकार दिसत नाही. सिंदेवाहीतून मिरची तोडणीसाठी तेलंगणात जाणाऱ्या गाडीत बसलेल्या तरुणाच्या हातातही तोच मोबाइल असतो. परतल्यावर त्याला शंका आली, तर सरकारी समुपदेशन केंद्रातली चाचणी फुकट आहे, गुप्त आहे, औषधही फुकट आहे. फक्त तालुक्याच्या दवाखान्यात आधी खिडकीवर केसपेपर काढावा लागतो, कशासाठी आलात ते मोठ्याने सांगावे लागते, आणि मागे रांगेत गावचेच कोणीतरी उभे असते.